छोटी सौर यंत्रणा आणि पावसाळ्यातली बॅटरी

विजेच्या तारा न पोहोचलेल्या कोकणातल्या वाडीत किंवा रानातल्या घरात ३३० वॅटचे एक पॅनेल, बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारची) बॅटरी आणि लहान इन्व्हर्टर एवढ्यावर दिवे, पंखा आणि मोबाइल चालतात. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास आणि तीस वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा दहा तास वापरला, तर रोज सुमारे ४८० वॅट-तास, म्हणजे जवळपास अर्धे युनिट खर्च होते. स्वच्छ उन्हात हे पॅनेल सगळी घट वजा जाता एक युनिट सहज देते, त्यामुळे उन्हाळाभर कसलीच अडचण जाणवत नाही.

दाट ढगांत मात्र पॅनेलचे उत्पादन एरवीच्या दहा ते वीस टक्क्यांवर येते. झड चार दिवस टिकली की बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी होते आणि तशीच राहते. खरे नुकसान इथेच होते. लेड-ॲसिड बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. लगेच चार्जिंग झाले तर ते विरतात. दिवसेंदिवस राहिले तर मोठे व कठीण होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी करतात. शिवाय चार्जिंगचा शेवटचा पंधरा-वीस टक्के टप्पा मुळातच संथ असतो, त्याला काही तास सलग ऊन लागते आणि श्रावणातल्या ऊनपावसात नेमका तोच टप्पा अपुरा राहतो.

अशा वेळी बहुतेक जण आणखी मोठी बॅटरी घेतात. माझ्या मते हा खर्च चुकीच्या जागी होतो, कारण ऊन तेवढेच असताना मोठी बॅटरी पूर्ण भरणे आणखी कठीण होते. त्याच पैशांत दुसरे पॅनेल बसवावे. त्याआधी कंट्रोलरही पाहावा. ३३० वॅटचे पॅनेल साधारण ३७ व्होल्टला सर्वाधिक शक्ती देते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली ओढतो, प्रवाह नऊ अँपिअरच्या आसपासच राहतो आणि हाती जेमतेम ११५ वॅट येतात. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचे रूपांतर जादा प्रवाहात करतो, म्हणून अशा पॅनेलला तोच हवा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला अर्धवट चार्ज राहिल्याचा असा त्रास होत नाही. ती महाग असली तरी जास्त पावसाच्या भागात तिचा विचार जरूर करावा.

लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर पावसाने उघडीप दिली की त्या दिवशी पंखा बंद ठेवावा, सुमारे १४.४ व्होल्टवर बॅटरी काही तास राहू द्यावी आणि मग प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे साधन) घालून पाहावा. बहुतेक ट्युब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला घनता १.२४ च्या आसपास असते. डिस्टिल्ड वॉटरही चार्जिंगनंतरच, खुणेपर्यंत भरावे. आधी भरले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल उतू जाते.