लेखकपत्नीविषयक ऐतिहासिक कादंबरी (नागपूर परिसर)

नामवंत लेखकाच्या दुर्लक्षित पत्नीला मध्यवर्ती ठेवून, कागदपत्रे आणि कल्पना यांच्या आधारे रचलेली चरित्रात्मक कादंबरी. पाश्चात्त्य साहित्यात डिकन्सची पत्नी कॅथरिन, टॉलस्टॉयची पत्नी सोफिया यांच्याभोवती असे लेखन झाले आहे. मराठीत अडचण निराळी आहे. इथल्या काही लेखकपत्नींनी स्वतःच इतके सरस लिहून ठेवले आहे की कादंबरीकाराच्या वाट्याला फारसे उरत नाही.

नागपूरपुरते बोलायचे तर ठळक नाव लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे. कवी नारायण वामन टिळक १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. पुढे राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात कलाटणी मिळते ती त्या आगगाडीच्या डब्यात. लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरापासून सुरू करावी लागते. वडिलांचे सोवळे एवढे कडक, की घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या घरच्या लेकीला नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी ऐकावी लागली! काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांनीही तो धर्म स्वीकारला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून, चार भाग) हसतखेळत सांगितले आहे, नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट. त्यावर पुन्हा कादंबरी रचणे म्हणजे बहुधा मूळ रंगावर पाणी ओतणे.

याच्या दुसऱ्या टोकाला तुकोबांची पत्नी जिजाई ऊर्फ आवली. तिच्या हातची एक ओळही नाही. ‘गोणी आली घरा । दाणे खाऊं नेदी पोरां’ ही तिची तक्रार ऐकू येते, पण तीही तुकोबांच्याच अभंगात. कीर्तनांतून ती कजाग ठरली. पोरांच्या तोंडचा घास लोकांना वाटला जात असता गप्प बसणारी आई कशी असते, हे कोणी विचारले नाही. कादंबरीला खरा वाव आहे तो अशा ठिकाणी.

नागपूर जिल्ह्यातच असे आणखी एक ठिकाण आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, तेहेतीस वर्षांचे असताना. तो प्रसंग सांगताना ‘भावबंधन’ हातावेगळे झाल्याचे आणि ‘राजसंन्यास’ अपुरे राहिल्याचे हमखास सांगतात. मागे राहिलेल्या पत्नीविषयी क्वचितच कोणी बोलते.

या प्रकारातला नेहमीचा दोष म्हणजे पत्नीला न्याय देण्यासाठी पतीला खलनायक करणे. त्याने दोघेही चपटे होतात. दुसरा दोष भाषेचा. नाशिक-पुण्याकडून नागपुरात आलेल्या बाईच्या कानावर महाल-इतवारीत ‘काय करून राहिली वो?’ असा प्रश्न पडणार. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने बाजारात हिंदीही सर्रास. पण कादंबरीत मोलकरणीपासून वकिलापर्यंत सगळेच सदाशिव पेठी बोलतात, आणि नागपूर उरते फक्त संत्र्यांपुरते.