एकटा पिचर संघ तारतो?

जळगाव-धुळ्याकडच्या मैदानांवर बेसबॉलबद्दल हा समज पक्का आहे: एक जबरदस्त पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, असला की संघाचं भागलं. हे साफ चूक आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, हंगामाला १६२ सामने असतात आणि सामना सुरू करणारा पिचर साधारण पाचव्या-सहाव्या दिवशीच पुन्हा उतरतो. म्हणून २६ जणांच्या संघात १३ पर्यंत पिचर असतात, शिवाय मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, राखीव फळी. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचे कितीतरी पिचर जायबंदी होते. सॅन दिएगोच्या पाद्रेस संघाविरुद्ध हरले असते तर घरीच जायचं, अशा सामन्यात त्यांनी ८ पिचर आलटूनपालटून वापरले, एकही धाव दिली नाही, आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिकाही जिंकली.

आपल्याकडे मात्र तालुक्यापासून विभागापर्यंत एकाच पोराचा हात पिळून काढतात, याचा फार त्रास होतो. पोरगं दमलं की चेंडू उंच जायला लागतो, आणि कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर ताण वाढत जातो. अमेरिकेतली शिफारस सांगते: १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (फेकी), ६६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) खेळणारी, अचूक नेमाची दोन-तीन पोरं हंगामाआधीच पिचिंगला लावा.