छेत्री आणि सत्तरची रेघ

ऑगस्ट २००९ मध्ये भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री याने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबशी तीन वर्षांचा करार केल्याची बातमी आली, तेव्हा तो नुकताच पंचवीस वर्षांचा झाला होता. हा क्लब त्या वेळी इंग्लंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगच्या एक पायरी खाली, चॅम्पियनशिपमध्ये खेळत होता. क्लब राजी, खेळाडू राजी. घोडं अडलं ते ब्रिटिश सरकारच्या वर्क परमिटवर.

युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूसाठी तेव्हा दोन मुख्य अटी होत्या. मागच्या दोन वर्षांत देशाच्या ७५ टक्के स्पर्धात्मक सामन्यांत तो खेळलेला असावा, आणि त्याचा देश फिफा क्रमवारीत सरासरीने पहिल्या सत्तरात असावा. भारत शंभराच्याही बाहेर होता. परमिट नाकारलं गेलं.

छेत्रीच्या खेळाबद्दल शंका घ्यावी असं काही घडलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वीच, १३ ऑगस्ट २००८ रोजी, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली होती. भारत ४-१ ने जिंकला आणि २०११ च्या आशिया कपला पात्र ठरला. मग क्रमवारीत भारत वर का सरकत नव्हता? तेव्हाच्या हिशेबात प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकावरून गुणांचं वजन ठरे. अव्वल संघाला हरवलं तर गुणक २, आणि दीडशेव्या किंवा त्याखालच्या संघाला हरवलं तर जेमतेम ०.५०. त्यात वर्षाला पाचपेक्षा कमी सामने खेळले की सरासरीलाच कात्री. दुबळ्यांशी आणि क्वचित खेळणारा देश जिंकूनही तिथल्या तिथेच राहायचा. त्या अडकलेल्या देशाचा भुर्दंड मात्र एकट्या खेळाडूने भरायचा, हे मला आजही पटत नाही.

ब्रिटनची वाट त्याआधी काही भारतीयांनी चोखाळली होती. कोलकात्याचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून पायांना नुसती बँडेज गुंडाळून दोन सामने खेळला आणि घरच्या ओढीने परतला. तेव्हा परमिटचं हे जंजाळ नव्हतं. पुढे बायचुंग भुतियाने १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी या क्लबशी करार केला. व्हिसाच्या अडचणींमुळे त्यालाही पहिल्या सामन्यासाठी ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं, पण निदान तो मैदानात उतरला.

छेत्री गोव्याच्या डेम्पो क्लबकडे गेला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी विझार्ड्सने त्याला घेतलं, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने. तिथे राखीव संघाकडून मोजकेच सामने वाट्याला आले. बाकी कारकीर्द भारतातच, आणि देशासाठी नव्वदहून अधिक गोल.

ब्रिटनचे नियम नंतर बदलत गेले. २०१५ मध्ये सत्तरची रेघ पन्नासावर आली, म्हणजे दार आणखी अरुंद झालं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, गुणांची पद्धत आहे. त्यात खेळाडूची लीगही मोजली जाते, आणि त्या वर्गवारीत भारतीय लीग तळाच्या गटात बसते.