सायनो की मिथाइल? बी-12 च्या कोबाल्टला इलेक्ट्रॉन देताना

परळच्या एका केमिस्टकडे शेजारच्या काकूंसाठी बी-12 आणायला गेलो होतो. "सायनो संपलंय सर, मिथाइल देतो. एकच आहे ते." सायनोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन ही बी-12 ची दोन रूपं; रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला ती 'एकच' असल्याचं ऐकवत नाही.

कोरिनचं, म्हणजे कोबाल्टला धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूचं, कडं तेच, मधोमध कोबाल्टही तोच, +3 अवस्थेतला, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेला. फरक त्याच्या डोक्यावरच्या गटाचा: एकावर सायनाइड, दुसऱ्यावर मिथाइल. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी रचना उलगडली ती सायनोची. गंमत म्हणजे तो सायनाइड बहुतेक वेळा शुद्धीकरणात चिकटलेला असतो.

खरा स्वभाव कळतो तो इलेक्ट्रोडवर क्षपण करताना, म्हणजे इलेक्ट्रॉन देताना. सायनाइडच्या जागी नुसतं पाणी असेल, तर कोबाल्ट धिम्या लोकलसारखा +2 वर थांबतो आणि कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (व्होल्ट मोजायच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत सुमारे उणे 0.85 व्होल्टला +1 वर पोचतो. सायनाइडने मात्र +3 इतका घट्ट धरलेला असतो, की पहिला इलेक्ट्रॉन घुसवायलाच सुमारे उणे 1 व्होल्ट लागतो. तिथवर उतरल्यावर +2 चं स्टेशन मागेच पडलेलं असतं! म्हणून दोन्ही इलेक्ट्रॉन एकदमच जातात आणि सायनाइड ऋणभार घेऊन सुटतो.

मिथाइल आणखी हट्टी. तो कोबाल्टवर इतकी इलेक्ट्रॉन-घनता ढकलतो, की सुमारे उणे 1.6 व्होल्टपर्यंत खाली जावं लागतं. पण मग एकच इलेक्ट्रॉन पुरतो. बंध तुटतो, मिथाइल मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) होऊन निघून जातो आणि कोबाल्ट थेट +1 वर येतो. इतका चिवट बंध उजेडात मात्र सहज फुटतो. मिथाइलचं द्रावण हाताळताना आम्ही खिडक्या झाकून मंद लाल दिवा लावतो, सायनोसाठी एवढा जाच नसतो.

पोटात गेल्यावर पेशी दोघांचाही वरचा गट काढतात आणि मिथाइल किंवा अ‍ॅडेनोसिल हा दुसरा गट नव्याने बसवतात. त्यामुळे जाहिरातीतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' शब्दाला मी फारसा भुलत नाही. काकूंना मात्र डॉक्टरांना फोन करायला लावला.

प्रयोगशाळेतही शेवट एकच, करडा-हिरवट +1 कोबाल्ट. नायट्रोजन सोडून हवा बाहेर ठेवली तरच तो टिकतो. बूच जरा सैल राहिलं, की द्रावण बघता बघता तपकिरी होतं, आणि सुरुवात कुठल्या गोळीपासून झाली हे त्या रंगावरून मलाही सांगता येत नाही.