जनावरं जास्त होणं वेगळं, अतिचराई वेगळी

माळावर जनावर तोंड लावत नाही असा टाकळा आणि तरवड माजला, गवताच्या जागी लाल माती दिसायला लागली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: जनावरं जास्त झाली. डेअरीच्या रांगेत तेच, ग्रामसभेत तेच. मग कुणीतरी चांगल्या म्हशीला बाजार दाखवतो, उरलेली तशीच मोकळी सोडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात माळ होता तसाच. चूक निदानात आहे. चाऱ्याच्या मानानं जनावरं जास्त होणं ही एक गोष्ट आणि अतिचराई ही दुसरी. दोन्ही एकाच माळावर असू शकतात, पण एक असली म्हणून दुसरी असतेच असं नाही.

पहिली गोष्ट कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. चारशे किलोच्या म्हशीला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा लागतो. पावसाळी गवतात पाचातले चार भाग पाणीच असतं, म्हणजे हिरवं गवत पन्नास-साठ किलो. तेवढं रानातून निघत नसेल तर वैरण विकत घ्या, उसाचं वाडं आणा, नाहीतर जनावर कमी करा. हा हिशेब गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे.

घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. अतिचराई डोकी मोजून कळत नाही. ती एका ठोंबाला एकदा खाल्ल्यावर पुन्हा किती दिवसांनी तोंड लागलं, यावर ठरते. जनावरानं पान तोडलं की गवत आधी बुडख्यात आणि मुळांत साठवलेलं खर्चून नवं पान काढतं. ते पान मोठं झालं की साठा परत भरतो. साठा भरायच्या आत तेच कोवळं पान पुन्हा खाल्लं गेलं, तर मुळं आखडतात. असं दोन-तीन पावसाळे झालं की मारवेल, पवना यांसारखी जनावराच्या आवडीची गवतं आधी जातात. उरतं ते जनावर तोंड लावत नाही ते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतले शेतकरी-संशोधक आंद्रे वाझँ यांनी १९५० च्या दशकात गाईंच्या चराईबद्दल हेच ठासून मांडलं: जनावरं किती यापेक्षा ती एका जागी किती वेळ राहतात आणि परत कधी येतात, ते बघा.

आता आपल्याच बांधावर बघा. सुगी झाली की धनगर कळप घेऊन येतो, शेतकरी त्याला धान्य नाहीतर पैसे देऊन रानात मेंढरं बसवून घेतो. शंभर-दोनशे मेंढरं दोन रात्रीत बांधावरचं गवत बुडख्यापर्यंत खातात आणि लेंड्या टाकून पुढं जातात. जमिनीत ओल असेल तर बांध परत हिरवा होतो. शेजारच्याच बांधावर एक म्हैस जूनपासून दिवाळीपर्यंत त्याच खुंटाला, त्याच दाव्यावर. तिथं दाव्याच्या टप्प्यात गोल टक्कल पडलेलं असतं. दोनशे तोंडांनी अतिचराई केली नाही, एका तोंडानं केली. हे डोळ्यांसमोर असताना संख्येवर खापर फोडणं मला पटत नाही.

खात्री करायची असेल तर मारवेलाच्या एका ठोंबाशेजारी काठी रोवा. खाल्लेल्या पानाचं टोक बोथट, फाटलेलं दिसतं. न खाल्लेलं पान निमुळतं असतं. चार-पाच दिवसांत मधून पोपटी, टोकदार पान वर येईल. पुढच्या आठवड्यात तेही बोथट दिसलं, तर तिथं अतिचराई चालू आहे, मग तुमच्याकडं दोनच जनावरं का असेनात.

‘गवत तर कमरेएवढं उभं आहे, अतिचराई कुठली?’ हा प्रश्न हमखास येतो. उभं आहे ते राठ झालेलं आहे. मोकळ्या सोडलेल्या गुराला राठ गवतात रस नसतो; काल खाल्लेल्या जागी आज फुटलेला कोंब त्याला हवा असतो. म्हणून थोडी जनावरं मोठ्या माळावर सोडली की अर्धा माळ राठ होतो आणि अर्धा उघडा पडतो.

नेपियर हे कापून घालायचं चाऱ्याचं गवत लावणारा प्रत्येक जण दोन कापण्यांत दीड महिना जाऊ देतो. आठ दिवसांत पुन्हा विळा लावला तर ठोंब मरेल, हे त्याला माहीत असतं. तोच माणूस माळावरच्या मारवेलाला आठ दिवसही देत नाही.

माळाचे तुकडे पाडून पाळीपाळीनं चारायची हल्ली टूम आहे. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं यंत्र, आणतात, चार तुकडे करतात, दर आठवड्याला तुकडा बदलतात. यात एका तुकड्याला विश्रांती मिळते एकवीस दिवस, आणि जनावरं सात दिवस आत राहिल्यानं शेवटी शेवटी नवे कोंबही खातात. आधी विश्रांती ठरवा, मग तुकडे मोजा. तीस दिवस विश्रांती हवी आणि मुक्काम तीन दिवसांचा, तर तीस भागिले तीन, अधिक एक: अकरा तुकडे. दोनच म्हशी असतील तर कुंपण कशाला? रोज खुंट हलवा. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. मात्र तुकडे पाडून चारा वाढतो तो हळूहळू. जनावरं खरोखरच जास्त असतील तर झटका मशीन त्यांचं पोट भरणार नाही.

तीस दिवस हाही काही पाठ करायचा आकडा नाही. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, शिरोळला ५०० च्या आसपास. दोन्हीकडं एकच वेळापत्रक कसं चालेल? पाऊस आणि ऊन दोन्ही मिळालं की गवत झपाट्यानं भरतं, परतीच्या पावसानंतर त्याला दुप्पट दिवस लागू शकतात. तारीख बघून तुकडा उघडू नका, गवत वीत-दीड वीत झालं का ते बघा.

विश्रांतीबद्दलचा एक गैरसमज मला फारच खुपतो: ‘उन्हाळाभर माळ मोकळाच होता की!’ चैत्र-वैशाखात गवत वाढतच नाही, मग साठा भरणार कसा? ती विश्रांती हिशेबात धरू नका. खरी विश्रांती हवी ती मृगाच्या पहिल्या सरींनंतर, आणि नेमकं तेव्हाच आपण गुरं माळावर सोडतो. पहिलं पान गवतानं शेवटच्या साठ्यावर काढलेलं असतं. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी कडबा आणि भाताचं पिंजर राखून ठेवा, गुरं दावणीला ठेवा. वर्षभरात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

कुसळी या गवताचं तेवढं वेगळं आहे. ती कोवळी असताना जनावर खातं, पण फुलोऱ्यानंतर तिची कुसळं तोंडात रुततात आणि मेंढराच्या लोकरीत अडकतात. कुसळीचे तुकडे भादव्यात, फुलोऱ्याच्या आधी चारून घ्या. मारवेल-पवन्याचा एखादा तुकडा मात्र दरवर्षी दिवाळीपर्यंत बंद ठेवून बी पडू द्या, आणि पुढच्या वर्षी त्या पाळीला दुसरा तुकडा धरा.