बोरी येथील ज्वालामुखी राख

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी असलेले बोरी हे गाव ज्वालामुखी राखेच्या थरामुळे भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले आहे. 1980 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू, रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा प्रभृती संशोधकांनी येथील नदीगाळाचा अभ्यास केला. त्यात राखेच्या थराच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेची, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची तोडहत्यारे अशा घडणीची, दगडी अवजारे मिळाली.

ही राख स्थानिक नाही, हे तिच्या घटकांवरूनच कळते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा असून त्यात सिलिका कमी असते. बोरीच्या राखेतील काचकण मात्र सिलिकाने समृद्ध आहेत. अशी राख दूरवरच्या महास्फोटातून वाऱ्याबरोबर आलेली असणार, आणि तिचे उगमस्थान म्हणून सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीकडे बोट दाखवले जाते.

खरा वाद वयाचा आहे. खडक वितळलेला असताना त्यातील आर्गॉन वायू बहुतांशी निसटतो आणि तो थिजल्यानंतर पोटॅशियम-40 च्या विघटनातून नवा आर्गॉन साठत जातो. या समस्थानिकाचे (मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या प्रकाराचे) अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षे असल्याने त्याच्या मोजमापावरून अतिप्राचीन थरांचे वय काढता येते. या पद्धतीने बोरीच्या राखेचे वय आधी सुमारे 14 लाख वर्षे आले, पुढील मापनांत ते सुमारे 6.7 लाख वर्षांवर उतरले, तर काचकणांच्या रासायनिक तुलनेवरून काही अभ्यासकांनी ती टोबाच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरवली. एवढी तफावत पडण्यामागे एक कारण सहज पटण्यासारखे आहे: नदीने राखेत मिसळलेल्या जुन्या बेसाल्टच्या कणांत आर्गॉन आधीपासूनच साठलेला असतो, आणि असे थोडे कण नमुन्यात आले तरी वय फुगते. टोबाचे त्याहून जुनेही मोठे स्फोट झालेले असल्यामुळे केवळ उगम ठरल्याने वय ठरत नाही.

शिवाय राखेचे वय म्हणजे अवजारांचे वय नव्हे. पुराच्या पाण्याने राख आणि दगड दोन्ही मूळ जागेवरून हलू शकतात. म्हणून अवजारांच्या कडा झिजलेल्या आहेत की धारदार, ती राखेखालच्या गोटेवाळूत रुतलेली आहेत की वरच्या थरात, हे प्रयोगशाळेतील आकड्याइतकेच काळजीपूर्वक पाहावे लागते. वादाच्या भरात हा भाग नेहमी मागे पडतो.

भारतातील अश्युलियन अवजारे खूप प्राचीन असू शकतात, या मताला स्वतंत्र आधार तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथून मिळाला. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तेथील अवजारांचे वय सुमारे 15 लाख वर्षे असल्याचे मांडले. त्यासाठी पुराचुंबकत्वाबरोबर (म्हणजे थरांत नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या प्राचीन चुंबकक्षेत्राच्या अभ्यासाबरोबर) क्वार्ट्‌झमध्ये वैश्विक किरणांमुळे तयार होणाऱ्या ॲल्युमिनियम-26 व बेरिलियम-10 या समस्थानिकांचे प्रमाण मोजले गेले. बेसाल्टच्या अवजारांना ही दुसरी पद्धत थेट लावता येत नाही, कारण त्या खडकात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतेच.