शिंकं, घडवंची आणि कुंडी : घरात आलेल्या रोपांची पार्श्वभूमी

खान्देशात मातीत रुजलेलं रोप मुद्दाम घराच्या आत ठेवायची जुनी चाल बघायची असेल, तर नवरात्रातला घट बघावा. बुरडाकडून आणलेली परडी, तीत शेतातली काळी माती, मातीत पेरलेलं धान्य आणि मधोमध पाण्याचा घट. नऊ दिवसांत कोंब वीतभर होतात, पण हिरवे न होता फिकट पिवळे राहतात, कारण देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही. दसऱ्याला ते टोपीत खोवले की त्या रोपाचं घरातलं राहणं संपलं. वेताच्या तिपाईवर मनीप्लांट मांडणाऱ्या आजच्या दिवाणखान्याची गोष्ट मी या परडीपासून सुरू करतो. विणकाम तिच्यात आहेच, आणि रोपं इतकी वर्षं घराबाहेर का राहिली याचं उत्तरही त्या पिवळ्या कोंबांत आहे.

आपली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट छत, खिडक्या लहान आणि मोजक्या. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो, तिथे घर बांधायचं ते ऊन बाहेर ठेवण्यासाठीच. अशा गारव्याच्या अंधारात माणूस दुपारची झोप काढेल, रोप जगणार नाही. म्हणून तुळस अंगणात, आणि अळू-कर्दळ मागच्या दारी, मोरीच्या पाण्यावर. आमच्या आजीला तर कुंडी घरात आणलेली खपायची नाही. "घरमा माटी कसाले?" हा तिचा सवाल. शेणानं सारवलेल्या जमिनीवर जन्म काढलेली बाई फरशी आल्यावर मातीशी असं वैर का धरून बसली, ते मला अजून उमगलेलं नाही.

विणलेल्या वस्तूंना मात्र घरात तोटा नव्हता. भाकरीची दुरडी, पाखडायचं सूप, धान्य धुवायची रोवळी, कोंबड्या झाकायचं डालं, शेणामातीनं लिंपलेली कणगी, सुंभानं विणलेली बाज. कामाची वस्तू ती, शोभेसाठी कुणी मांडून ठेवत नसे. आजच्या कुंडीच्या स्टँडचे दोन थेट पूर्वज यातच सापडतात. एक घडवंची, म्हणजे पाण्याचे माठ-कळश्या जमिनीपासून उचलून धरणारी लाकडी चौकट. दुसरं शिंकं, अहिराणीत शिकं. आढ्याला टांगलेली दोरीची जाळी, तीत दह्यादुधाचं मडकं, मांजर-मुंगीच्या हाती लागू नये म्हणून. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, ही म्हण त्यातूनच आली. 'मॅक्रमे हँगर' म्हणून जे आता विकत मिळतं ते गाठी मारलेलं शिंकंच, फक्त दह्याच्या जागी नेचा, म्हणजे फर्न. 1970 च्या दशकात या गाठींच्या कामाची पश्चिमेत मोठी लाट आली होती. मॅक्रमे हा शब्द मुळात अरबी.

टोपली आणि रोप यांची जोडी फार जुनी आहे. इजिप्तची राणी हॅटशेपसूट हिनं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुंत देशाकडे मोहीम धाडली. तिच्या देर-अल-बहारीच्या मंदिरातल्या कोरीव कामात गंधरसाची जिवंत झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून, दांड्याला अडकवून माणसं वाहून नेताना दिसतात. पण तीही वाहतूकच होती. टोपलीतलं झाड बघण्यासाठी दिवाणखान्यात आणलं ते एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेनं, आणि त्यामागं रसिकतेपेक्षा काच आणि कचरा यांचा वाटा मोठा आहे.

आधी काच. लंडनचे डॉक्टर नॅथनियल वॉर्ड यांना नेचे लावायची हौस होती, पण कोळशाच्या धुरानं ते मरत. 1829 मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. त्यातून काचेची पेटी निघाली. 1833 मध्ये अशा पेट्यांतून रोपं थेट सिडनीला जिवंत पोचली. पुढे 1845 मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या. आत उजेड आला तशी रोपं आत आली.

मग कचरा. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून वेताच्या मोळ्या मधेमधे कोंबत. बॉस्टनच्या धक्क्यावर त्या फेकून देत. 1844 मध्ये सायरस वेकफील्ड नावाच्या किराणा व्यापाऱ्याच्या नजरेला त्या पडल्या. वेताची साल खुर्च्यांची बैठक विणायला जायची. आतला गाभा मात्र फुकट जात असे. त्या गाभ्यापासूनच नक्षीदार खुर्च्या, पाळणे आणि नेच्यांच्या कुंड्यांचे उंच स्टँड विणले जाऊ लागले.

आपल्याकडे ही पद्धत साहेबाच्या बंगल्यातून आली. वेताची खुर्ची, व्हरांड्यात ओळीनं कुंड्या, आणि पाणी घालायला माळी. आजही सरकारी विश्रामगृहाच्या पडवीत लाल रंगवलेल्या कुंड्या दिसल्या की तो थाट आठवतो. वेत खान्देशचा नव्हे, तो दमट रानातला वेल. आसाम, केरळ, अंदमान इकडचा. आपला तो सातपुड्याचा बांबू, मानवेल. याच्या कामट्याही ओल्या असतानाच वळतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात विणताना मधेमधे पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर त्या कडाकडा मोडतात.

त्या बांबूची कायद्यानं केलेली गंमतही इथंच सांगायला हवी. 1927 च्या वन कायद्यात बांबू 'वृक्षा'त मोडत होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, पण तोड-वाहतुकीचे नियम झाडाचे. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूची यातून सुटका व्हायला 2017 साल उजाडलं. तोवर प्लॅस्टिकचे टब, घमेली आणि सुपं बाजारात पक्की बसली होती आणि बुरूड आळ्यांतली गिऱ्हाइकी ओसरली होती. ज्या घरांनी बुरडाची टोपली टाकून प्लॅस्टिकची घेतली, तीच घरं आता 'हँडमेड' लिहिलेलं स्टँड कुरिअरनं मागवतात. त्यातली कित्येक तर वेतासारखी दिसणारी प्लॅस्टिकची पट्टी विणून केलेली असतात. याचा मला राग येतो, तो लपवत नाही.

रोपं आत आली ती स्लॅबची घरं, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि अंगण नसलेले फ्लॅट यांच्यामुळे. 2020 च्या टाळेबंदीनं त्यात भर घातली. कुलरच्या ओल्या हवेत नेचासुद्धा मे काढतो, हा आमच्याकडचा अनुभव. हवा शुद्ध होते हे विक्रेत्यांचं म्हणणं मात्र फार मनावर घेऊ नये. 1989 चा नासाचा प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार रोपं लागतील असं निघालं.

मध्यंतरी एका बुरूडकाकांकडे कुंडीसाठी पाय असलेली टोपली करून द्याल का, असं मी विचारलं. त्यांनी वितीनं कुंडीचं माप घेतलं आणि पहिला प्रश्न टाकला, "पाणी कुठं जाईल?" ओल धरली की बांबू कुजतो, आणि गोड कोवळा बांबू असेल तर भुंगा त्याचं पीठ करतो. खाली ताटली ठेवीन म्हणालो. मग टोपलीचा बूड थोडा वर घ्यायचा, पाय तीन ठेवायचे की चार यावर बराच खल झाला. फरशी सपाट नसली तर तीन बरे, असं त्यांचं मत पडलं. कामट्या भिजत टाकून ते म्हणाले, सोमवारी या.